वेगवेगळ्या कंपन्यांची लॅब मशीन्स एकत्र कशी जोडायची आणि त्यांचं शेड्युल कसं लावायचं

लिक्विड हँडलर (द्रव मोजून टाकणारा) हॅमिल्टनचा, वॉशर (प्लेट धुणारा) बायोटेकचा, रीडर (निकाल वाचणारा) टेकानचा, इन्क्युबेटर लिकॉनिकचा आणि मधे प्लेट (छोट्या खड्ड्यांची, म्हणजे वेलची, प्लास्टिकची ताटली, ज्यात सँपल असतात) उचलणारा आर्म पाचव्याच कंपनीचा, असा सेटअप आता बऱ्याच लॅबमध्ये दिसतो, कारण कुठलीच एक कंपनी सगळं चांगलं बनवत नाही आणि मशीन्स पण एकदम घेतली जात नाहीत, दरवर्षी एकेक येत जातात. मग कधीतरी कोणीतरी म्हणतं की आता ही सगळी जोडा आणि रात्रभर चालू दे. यातलं प्रत्येक मशीन एकटं बरं चालत असतं. गडबड होते ती दोन मशीनच्या मधल्या जागेत, म्हणजे प्लेट एकीकडून दुसरीकडे जाते तिथे आणि "माझं काम झालं" हा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातो तिथे. म्हणून हा लेख मशीनपेक्षा त्या मधल्या जागेबद्दल जास्त आहे. स्पीडचा विचार सगळ्यात शेवटी करायचा, हे माझं ठाम मत आहे आणि पुढचा सगळा क्रम त्यावरच लावलाय.

पायरी १: आधी प्लेटचा प्रवास लिहा

सॉफ्टवेअर उघडू नका, ड्रायव्हर शोधू नका. एक शीट घ्या आणि एका प्लेटचा पूर्ण प्रवास ओळीने लिहा. उदाहरणासाठी सँडविच एलायझा (अँटिबॉडी वापरून एखादं प्रथिन मोजणारी चाचणी) घेऊ, पुढे शेड्युलिंगला पण हेच वापरणार आहे. कोटेड प्लेट (वेलमध्ये आधीच अँटिबॉडी लावलेली) हॉटेलमधून (प्लेट रचून ठेवायच्या मांडणीतून) लिक्विड हँडलरवर जाते, सँपल पडतं, मग इन्क्युबेटरमध्ये ६० मिनिटं, मग वॉशर, मग डिस्पेन्सरवर डिटेक्शन अँटिबॉडी, परत ६० मिनिटं इन्क्युबेटर, परत वॉश, एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम), ३० मिनिटं, परत वॉश, टीएमबी (त्या एन्झाइममुळे ज्याला रंग येतो ते द्रव्य), मग एका अंधाऱ्या नेस्टवर (प्लेट ठेवायच्या जागेवर) १५ मिनिटं, मग डिस्पेन्सरवर स्टॉप सोल्यूशन (रंग वाढणं थांबवणारं), रीडरवर ४५० नॅनोमीटरला वाचन आणि परत हॉटेल.

प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहा: काम किती वेळाचं, झाकण आहे का, प्लेट कुठल्या दिशेने बसते, आणि ती तिथे कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती थांबली तर चालेल. ही शेवटची गोष्ट प्रोटोकॉलमध्ये कधीच लिहिलेली नसते. तिथे नुसतं "६० मिनिटं" असतं, पण ६५ चाललं तर काय, वॉश झाल्यावर रिकामी प्लेट पाच मिनिटं तशीच राहिली आणि वेल कोरड्या पडायला लागल्या तर काय, हे ज्याचा असे (assay, म्हणजे चाचणी) आहे त्यालाच माहीत असतं, त्यामुळे त्याला शेजारी बसवून हे आकडे भरून घ्या. "साधारण चालतं" हे उत्तर चालवून घेऊ नका. माणूस हाताने करताना हजार छोटे निर्णय मनात घेत असतो, शेड्युलरला (कुठलं मशीन कधी काय करेल ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला) फक्त आकडा कळतो.

पायरी २: प्लेट सगळीकडे बसते का ते बघा

मायक्रोप्लेटला स्टँडर्ड आहे, आधी एसबीएस म्हणायचे आता अन्सी/स्लास म्हणतात. बाहेरचं माप १२७.७६ गुणिले ८५.४८ मिमी, ९६ वेलमध्ये दोन वेलच्या मधलं अंतर ९ मिमी, ३८४ मध्ये ४.५ आणि १५३६ मध्ये २.२५. पाया सगळीकडे सारखा असल्यामुळेच हे जोडकाम मुळात शक्य आहे. पण उंची, खालच्या कडेची जाडी, झाकण आणि प्लास्टिकचा कडकपणा हे प्लेटप्रमाणे बदलतं. साधी प्लेट १४ मिमीच्या आसपास, डीपवेल (खोल वेलची) ४० च्या वर, आणि पातळ पीसीआर प्लेट ग्रिपरने जरा जोरात धरली तर मधून फुगते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या प्लेटसाठी ग्रिपची उंची, ग्रिपचा जोर आणि झाकणासकट उंची असं एक लॅबवेअर कार्ड बनवा आणि सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच आकडे भरा. लिक्विड हँडलरमध्ये एक उंची आणि आर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी असं झालं की पिपेटची टिप तळाला घासते नाहीतर ग्रिपर झाकणच उचलून नेतो.

दिशा हा दुसरा छळ. काही मशीन प्लेट आडवी घेतात काही उभी, आणि ए१ वेल कुठल्या कोपऱ्यात हे प्रत्येकाचं वेगळं. आर्मला मनगट फिरवता येत असेल तर ठीक, नाहीतर मधे एक रीग्रिप स्टेशन लागतं जिथे प्लेट ठेवून दुसऱ्या बाजूने धरता येते. प्लेट १८० अंशात उलटी वाचली गेली तर रीडर एररही देणार नाही, तो बिनधास्त ९६ आकडे देईल आणि ए१ चा आकडा एच१२ च्या नावावर जाईल. त्यामुळे इन्स्टॉलेशनला एका प्लेटमध्ये फक्त ए१, ए२ आणि बी१ मध्ये रंग टाकून ती सगळ्या मशीनमधून फिरवायची आणि निकाल योग्य जागी येतात का बघायचं. नुसतं ए१ पुरत नाही, तीन वेल घेतल्या की आकडे आडव्या ओळीने वाचले गेले की उभ्या, हे पण कळतं.

आर्मच्या पोझिशन शिकवताना नेहमी खरीच प्लेट वापरा, आणि हाताने नेस्टमध्ये दाबून बसवलेल्या प्लेटवर शिकवू नका. ती नैसर्गिकपणे जशी पडते तशी पडू द्या, मग ग्रिपर जवळ न्या. प्रत्येक पोझिशनला एक सेफ उंची आणि एक सरळ आत जाण्याचा रस्ता ठेवा, तिरकं आत शिरणं कधीच नको. आणि टेबल! मशीन टेबलावर नुसती ठेवलेली असतील तर साफसफाईत कोणाचातरी धक्का लागून दोन मिमी सरकतात आणि दुसऱ्या दिवशी प्लेट पडतात. पिन लावा, ब्रॅकेट लावा, काहीही करा पण मशीन हलता कामा नये.

पायरी ३: मशीनशी बोलायचं कसं, हे विकत घेण्याआधी विचारा

ब्रोशरवर "ऑटोमेशन रेडी" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काहीही असू शकतो. सेल्सवाल्याला नाही, अॅप्लिकेशन किंवा सपोर्टवाल्याला विचारा, आणि हे प्रश्न लेखी विचारा: बाहेरून कंट्रोल करायला काय देता, त्याचं डॉक्युमेंट मिळेल का, त्याला वेगळं लायसन्स लागतं का, एरर आल्यावर स्क्रीनवर डायलॉग उघडतो की एरर कोड परत मिळतो, दार किंवा ट्रे बाहेरून उघडता बंद करता येतो का, आणि मधेच रद्द करता येतं का. डायलॉगचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण रात्री दोन वाजता "ओके" दाबायला कोणी नसतं.

जे मिळतं ते साधारण या प्रकारांत मोडतं. जुन्या मशीनला आरएस-२३२ सिरियल पोर्ट आणि टेक्स्ट कमांड असतात. दिसायला जुनाट, पण मला वैयक्तिकरित्या हे आवडतं, कारण डॉक्युमेंट नीट असेल तर मधे कोणतंच सॉफ्टवेअर नाही. फक्त बॉड रेट, पॅरिटी, ओळीच्या शेवटी सीआर की सीआर-एलएफ, आणि केबल सरळ की नल मोडेम (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली), हे जुळवावं लागतं. यूएसबी टू सिरियल कन्व्हर्टर लावलात तर पोर्ट नंबर बदलण्याचा त्रास होतो, पीसी रीस्टार्ट झाला की कॉम ३ चा कॉम ७ होऊ शकतो आणि वॉशरच्या कमांड इन्क्युबेटरला जायला लागतात, म्हणून सिरियल नंबरवरून पोर्ट फिक्स करा किंवा सरळ इथरनेटवाला सिरियल सर्व्हर लावा.

दुसरा प्रकार विंडोजचा डीएलएल किंवा अॅक्टिव्ह-एक्स, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये लोड करायचा कंपनीचा कोड. इथे हमखास लागणारी ठेच म्हणजे ३२ बिटचा डीएलएल ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये लोड होत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्या डीएलएलसाठी वेगळा छोटा ३२ बिट प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याच्याशी नेटवर्कवरून बोलायचं. असं वेगळं ठेवण्याचा अजून एक फायदा, कंपनीचा डीएलएल कोसळला तर तो एकटाच कोसळतो, शेड्युलर जिवंत राहतो.

तिसरा, फाइल टाकायची आणि फाइल उचलायची. कोणीही नाक मुरडू नये, नीट केलं तर हे वर्षानुवर्षं चालतं. नियम दोनच: फाइल आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहा आणि मग नाव बदला, म्हणजे समोरचा अर्धवट फाइल वाचणार नाही, आणि अँटिव्हायरसला त्या फोल्डरमधून बाहेर काढा. एक बारीक गोष्ट म्हणजे विंडोजची रीजनल सेटिंग, एका पीसीवर दशांशाला टिंब आणि दुसऱ्यावर स्वल्पविराम असेल तर सीएसव्ही फाइलमधला १.५ चा काहीतरी भलताच आकडा होतो.

चौथा प्रकार म्हणजे स्टँडर्ड. सिला २ हे लॅब मशीनसाठीच बनवलेलं आहे, एचटीटीपी/२ आणि जीआरपीसी वर चालतं, मशीन स्वतःच सांगतं की मला काय काय येतं, आणि लांब चालणाऱ्या कमांडची प्रगती पण कळवतं. ओपीसी युए (कारखान्यातल्या मशीनच्या संवादाचं स्टँडर्ड) मध्ये लॅबसाठी लॅड्स नावाचं स्पेसिफिकेशन आलंय. हे दोन्ही असतील तर नक्की घ्या. पण स्टँडर्ड आहे म्हणजे प्लग लावला आणि झालं असं समजू नका, बोलण्याची पद्धत सारखी झाली तरी "वॉश" कमांडला कुठले पॅरामीटर लागतात हे त्या त्या मशीनचंच राहतं. पायथनवाल्यांनी पायलॅबरोबॉट हा ओपन सोर्स प्रोजेक्ट पण बघावा, त्यात हॅमिल्टन, टेकान आणि ओपनट्रॉन्सच्या काही लिक्विड हँडलरसाठी एकच कोड वापरायची सोय आहे.

पायरी ४: प्रत्येक मशीनला एकच मुखवटा चढवा

शेड्युलरला हॅमिल्टन काय आणि टेकान काय हे कळायची गरजच नाही. प्रत्येक मशीनसाठी एक पातळ ड्रायव्हर लिहा आणि सगळ्यांना तीच क्रियापदं द्या: तयार हो, प्लेट घ्यायला उघड, बंद कर, काम चालव, स्थिती सांग, थांब, सावर. प्रत्येक मशीनच्या स्थितीही ठरलेल्या: बंद, मोकळं, प्लेट घ्यायला तयार, कामात, काम झालं प्लेट आत आहे, एरर. "मोकळं" आणि "काम झालं प्लेट आत आहे" या दोन स्थिती वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत. बहुतेक कंपन्यांचे ड्रायव्हर दोन्हीला "आयडल" म्हणतात आणि मग शेड्युलर भरलेल्या वॉशरमध्ये दुसरी प्लेट पाठवतो.

पद्धत चालवण्याचं काम मात्र कंपनीच्या सॉफ्टवेअरलाच करू द्या. लिक्विड हँडलरची मेथड (कामाच्या पायऱ्या) हॅमिल्टनच्या व्हीनसमध्ये किंवा टेकानच्या फ्लुएंटकंट्रोलमध्येच लिहा, बाहेरून फक्त "ही मेथड या प्लेटवर चालव" एवढं सांगा. प्रत्येक पिपेट हालचाल बाहेरून चालवायच्या नादाला लागलात तर लिक्विड क्लास (कुठला द्रव कसा ओढायचा-सोडायचा याच्या सेटिंग), क्लॉट डिटेक्शन (गुठळी ओळखणं) हे सगळं परत उभं करावं लागतं आणि त्यात काही मिळत नाही.

तयार शेड्युलर घ्यायचा की स्वतः लिहायचा? मोमेंटम, ग्रीन बटन गो, सेलारिओ असे बरेच आहेत, आणि त्यांच्यात बऱ्याच मशीनचे ड्रायव्हर आधीच असतात. पाच सहा मशीन, रोजचं काम, आणि लॅबमध्ये कायमस्वरूपी प्रोग्रॅमर नाही, तर तयार घ्या. मशीन तीन, चाचण्या सतत बदलणाऱ्या, आणि पायथन येणारा माणूस हाताशी, तर स्वतः लिहिणं परवडतं. पण स्वतः लिहिलेल्या गोष्टीचा मालक कोण हे आधी ठरवा, तो माणूस नोकरी सोडून गेला तर तो सेल (जोडलेल्या मशीनचा संच) दुसऱ्या कोणाला चालवता येईल का याचं उत्तर आजच पाहिजे.

पायरी ५: "झालं" म्हणजे नक्की काय झालं

एक प्रसंग जवळून बघू. शेड्युलरने वॉशरला "चालू कर" सांगितलं आणि लगेच १०० मिलिसेकंदांनी विचारलं "कामात आहेस का?". वॉशरने कमांड घेतली पण मोटर अजून फिरली नाही, त्यामुळे उत्तर आलं "मोकळा आहे". शेड्युलरला वाटलं वॉश झाला. आर्म प्लेट न्यायला निघाला आणि इकडे वॉशरचं हेड खाली यायला लागलं. टेस्टिंगमध्ये हे शंभरात एकदा होतं म्हणून सुटून जातं, आणि मग खऱ्या सँपलवर होतं. उपाय: चालू केल्यावर आधी "कामात" दिसेपर्यंत थांबा, मग "मोकळा" दिसेपर्यंत थांबा, आणि मशीन रन नंबर देत असेल तर तो वाढला का तेही बघा.

टाइमआउट ठेवा, पण टाइमआउट झाल्यावर काय करायचं हे कमांडप्रमाणे ठरवा. बारकोड परत वाचला तर काही बिघडत नाही. दार परत उघडायला सांगितलं तरी चालतं. एंडपॉइंट रीडिंग (शेवटी एकदाच घ्यायचं) बहुतेक वेळा परत घेता येतं. पण डिस्पेन्सची कमांड कधीही आपोआप परत पाठवायची नाही. कमांड पोचली आणि फक्त उत्तर हरवलं असेल तर त्या वेलमध्ये दुप्पट रिएजंट जाईल, आणि आकडे इतके चुकीचे पण दिसणार नाहीत की कोणाला शंका यावी. अशा वेळी प्लेटला "संशयित" शिक्का मारा, बाजूला ठेवा, माणसाला कळवा. ड्रायव्हर लिहिताना प्रत्येक कमांडपुढे "परत पाठवली तर चालेल, हो किंवा नाही" असं लिहूनच ठेवा.

पायरी ६: शेड्युल, म्हणजे दर किती मिनिटांनी नवीन प्लेट

शेड्युलर दोन तऱ्हेचे असतात. स्टॅटिक, म्हणजे रन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक हालचालीची वेळ पक्की ठरते. आणि डायनॅमिक, म्हणजे जे मोकळं झालं त्याला पुढचं काम, वेळच्या वेळी निर्णय. वेळेची सक्ती असलेल्या असेला, जसा आपला एलायझा, स्टॅटिक बरा, कारण प्रत्येक प्लेटला सारखीच वागणूक मिळते. नुसतं प्लेट कॉपी करणं, सँपल तयार करणं अशा कामांना डायनॅमिक चालतो. डायनॅमिकमध्ये पहिल्या प्लेटला ६० मिनिटं आणि विसाव्या प्लेटला ७१ असं होऊ शकतं आणि मग प्लेटमधला फरक औषधाचा की रांगेचा ते कळत नाही.

आता आपल्या प्लेटचा हिशोब करू. सगळ्यांना वाटतं वॉशर हा बॉटलनेक. हालचाली मोजा: हॉटेल ते लिक्विड हँडलर, तिथून इन्क्युबेटर, वॉशर, डिस्पेन्सर, इन्क्युबेटर, वॉशर, डिस्पेन्सर, इन्क्युबेटर, वॉशर, डिस्पेन्सर, नेस्ट, डिस्पेन्सर, रीडर, हॉटेल. एकूण १४ हालचाली. एक हालचाल ४५ सेकंदांची धरली तर ६३० सेकंद, म्हणजे दर प्लेटमागे आर्म साडेदहा मिनिटं अडकलेला. वॉशर एका वेळी प्लेट आणण्या नेण्यासकट ४ मिनिटं धरू, तीन वॉश म्हणजे १२ मिनिटं. म्हणजे १२ पेक्षा कमी अंतराने प्लेट सोडणं शक्यच नाही. मग १२ ठेवू?

इथे एक जुनी युक्ती आहे, कागदावर करता येते. पहिला वॉश सुरू झाला ती वेळ शून्य धरा. ४ मिनिटं वॉश, २ मिनिटं डिस्पेन्स, ६० मिनिटं इन्क्युबेशन, म्हणजे दुसरा वॉश ६६ व्या मिनिटाला. परत ४, २ आणि ३० मिनिटं, म्हणजे तिसरा १०२ व्या मिनिटाला. आता दर १२ मिनिटांनी प्लेट सुटतेय, तर प्रत्येक वेळेला १२ ने भागून बाकी बघा. ६६ ची बाकी ६. १०२ ची बाकी पण ६. म्हणजे एका प्लेटचा दुसरा वॉश आणि तिच्या तीन प्लेट पुढे असलेल्या प्लेटचा तिसरा वॉश बरोबर एकाच वेळी येणार, प्रत्येक वेळी. १३ घ्या: ६६ ची बाकी १, म्हणजे पहिल्या वॉशच्या अंगावर. १४ घ्या: ६६ ची बाकी १०, १०२ ची बाकी ४. वॉशर ० ते ४, ४ ते ८ आणि १० ते १४ असा वापरला जातो, कुठेही टक्कर नाही. म्हणून १४.

पण डिस्पेन्सर पण तसाच तपासायचा. त्याची चार कामं ४, ७०, १०६ व्या मिनिटाला आणि टीएमबी टाकल्यानंतर १५ मिनिटांनी म्हणजे १२१ ला. १४ ने भागल्यावर बाकी ४, ०, ८ आणि ९. प्रत्येक काम २ मिनिटांचं, म्हणजे शेवटची दोन आपटली: एका प्लेटला टीएमबी टाकायचंय त्याच वेळी पुढच्या प्लेटला स्टॉप टाकायचंय. टीएमबीच्या वेळेत वाट बघणं चालत नाही, रंग वाढतच असतो. दोन मार्ग आहेत, स्टॉपसाठी वेगळा छोटा डिस्पेन्सर लावा, किंवा असेवाल्याकडून १७ मिनिटं व्हॅलिडेट करून घ्या, तर १२३ ची बाकी ११ येते आणि जागा मोकळी मिळते. सगळ्या प्लेटला सारखेच १७ मिळणार असतील तर स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला मोजपट्टीचा आलेख) पण त्याच वेळेवर बनतो, त्यामुळे बहुतेक वेळा हे जमतं. पण निर्णय असेवाल्याचा, ऑटोमेशनवाल्याने परस्पर घ्यायचा नाही.

आर्म १४ पैकी साडेदहा मिनिटं कामात, म्हणजे ७५ टक्के, हे ठीक आहे. आता कोणीतरी सांगतं की इन्क्युबेटरमध्ये बाष्पीभवन होतंय, झाकण लावा. तीनदा लावायचं, तीनदा काढायचं, सहा हालचाली वाढल्या. वीस गुणिले ४५ सेकंद म्हणजे १५ मिनिटं, आणि १४ चं शेड्युल संपलं. एवढ्याशा झाकणाने सगळा हिशोब मोडतो, म्हणून झाकणाचा निर्णय पहिल्या पायरीतच घ्या म्हणत होतो.

इन्क्युबेटरला जागा किती लागणार? प्रत्येक प्लेट आत एकूण १५० मिनिटं, दर १४ मिनिटांनी नवीन, १५० भागिले १४ म्हणजे १०.७, म्हणजे सरासरी अकराएक प्लेट आत असणार. १२ जागा तरी मोकळ्या ठेवा. २० प्लेटची रन: शेवटची प्लेट १९ गुणिले १४ म्हणजे २६६ व्या मिनिटाला सुटते आणि तिला स्वतःला साधारण २०० मिनिटं लागतात, म्हणजे पावणेआठ तासांच्या आसपास. १२ च्या अंतराने ३८ मिनिटं वाचली असती, पण ते शेड्युल चाललंच नसतं.

मशीन वाढली, दोन चाचण्या एकत्र चालवायच्या झाल्या की हे हाताने होत नाही, तेव्हा सॉल्व्हर (अटी दिल्या की वेळापत्रक शोधून देणारा प्रोग्रॅम) लागतो. गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट हा फुकट आहे आणि अशा कामाला उत्तम आहे, प्रत्येक कामाला एक इंटरव्हल, प्रत्येक मशीनवर ओव्हरलॅप नको, दोन कामांमधलं अंतर इतकं ते इतकं, असं लिहायचं. आणि आर्मला पण मशीन म्हणूनच धरायचं! मी पाहिलेल्या घरगुती शेड्युलरमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच राहून गेलेलं असतं, प्लेट जणू जादूने इकडून तिकडे जातात. वेळा मात्र कॅटलॉगमधल्या नको, स्वतःच्या लॉगमधल्या घ्या, आणि सरासरी न घेता जवळजवळ सगळ्यात हळू रनचा वेळ घ्या.

पायरी ७: अडकून बसणं टाळा

डिस्पेन्सरमधली प्लेट वॉशरमध्ये जायचीय, वॉशरमधली डिस्पेन्सरमध्ये, आर्म एकच, मोकळी जागा कुठेच नाही. दोघी एकमेकींची वाट बघत बसतात, एरर पण येत नाही कारण कोणाचंच काही बिघडलेलं नसतं. याला डेडलॉक म्हणतात, आणि कॉम्प्युटरवाल्यांनी याची कारणं १९७१ मध्येच नीट मांडून ठेवली आहेत, त्यातलं एक कारण तोडलं तरी पुरतं. आपल्यासाठी सोपे नियम दोन. प्लेट उचलण्याआधी तिची पुढची जागा राखून घ्या, जागा मिळाली नाही तर उचलू नका. आणि एक नेस्ट कायम रिकामा ठेवा, जो शेड्युलमध्ये कधीच वापरायचा नाही, फक्त अडचणीच्या वेळी. त्या रिकाम्या नेस्टवर कोणीतरी टिप बॉक्स ठेवून जातं, त्यामुळे तिथे सेन्सर लावलात तर उत्तम.

पायरी ८: बिघडल्यावर काय, हे बिघडायच्या आधी

प्रत्येक एररसाठी तीनपैकी एक उत्तर ठरवा: आपोआप परत कर, ही प्लेट सोड आणि बाकीच्या चालू दे, सगळं थांबव. तिसरं उत्तर शक्य तितकं कमी वापरा. रीडर बंद पडला म्हणून इन्क्युबेटरमधल्या अकरा प्लेट वाया घालवायच्या नाहीत. नवीन प्लेट सोडणं बंद करा, आत असलेल्यांना जिथे थांबून चालेल तिथपर्यंत न्या, आणि इथे पहिल्या पायरीतला तो "जास्तीत जास्त किती" चा आकडा कामाला येतो.

माणूस येऊन हाताने प्लेट उचलतो तो क्षण सगळ्यात धोक्याचा. सॉफ्टवेअरला वाटतं प्लेट वॉशरमध्ये आहे, खरी ती टेबलावर. त्यामुळे "पुढे चालू करा" बटणाच्या आधी एक स्क्रीन हवा ज्यावर सगळ्या जागा आणि त्यातल्या प्लेट दिसतात आणि माणसाला प्रत्येक जागेची खात्री करावी लागते. शक्य असेल तर आर्मने त्या प्लेटचा बारकोड परत वाचायचा. प्लेट कुठे आहे हे मेमरीत नको, डेटाबेसमध्ये प्रत्येक हालचालीला लिहा, म्हणजे पीसी रीस्टार्ट झाला तरी माहिती राहते. पीसीबद्दल: स्लीप बंद, यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद, विंडोज अपडेट रनच्या वेळेत नको, आणि सगळ्या पीसींची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय) जुळवलेली, नाहीतर चार लॉग समोर ठेवून आधी काय झालं आणि नंतर काय हे कोणीच सांगू शकणार नाही.

पायरी ९: टेस्टिंग, तीन फेऱ्यांत

पहिली फेरी कोरडी. रिकाम्या प्लेट, काहीच द्रव नाही, रात्रभर फिरू द्या. यात पोझिशनच्या चुका निघतात. दुसरी फेरी रंगीत पाण्याची, इथे व्हॉल्यूम, थेंब, गळती, वॉशरमध्ये उरलेलं पाणी आणि बारकोड ते निकाल हा प्रवास तपासा. प्रत्येक प्लेटला वेगळा नमुना द्या म्हणजे प्लेट अदलाबदल झाली तर पकडता येईल. तिसरी खऱ्या रिएजंटची, आणि तीच प्लेट हाताने केलेल्याशी ताडून बघायची.

या तिन्हींच्या मधे मुद्दाम बिघाड करा. नेटवर्क केबल काढा, वॉशरची बॉटल रिकामी ठेवा, एक प्लेट बारकोडशिवाय ठेवा, एका नेस्टवर आधीच प्लेट ठेवा, रनच्या मधे शेड्युलरचा पीसी बंद करा. प्रत्येक वेळी सेल काय करतो ते लिहा. ही फेरी लोक हमखास गाळतात, आणि नेमकी हीच फेरी सांगते की रात्री एकटा सोडता येईल की नाही.

सेफ्टीला वेगळा वेळ द्या. इमर्जन्सी स्टॉप आर्मला हार्डवायर असावा, सॉफ्टवेअरमधून नको, आणि कोबॉट (माणसाशेजारी काम करायला बनवलेला रोबॉट) आहे म्हणून रिस्क असेसमेंट टाळायचं नाही, ग्रिपरमध्ये काचेची किंवा रसायनाची वस्तू असेल तर हळू आर्म पण इजा करतो. मान्यताप्राप्त कामासाठी सेल वापरणार असाल तर ऑडिट ट्रेल, युजर लॉगिन आणि व्हॅलिडेशनची कागदपत्रं सुरुवातीपासून ठेवा, नंतर जोडणं फार अवघड जातं.

पायरी १०: चालू झाल्यावर

प्रत्येक मशीनचं फर्मवेअर, सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हरचं व्हर्जन एका शीटमध्ये लिहून ठेवा आणि सर्व्हिस इंजिनिअरला सांगा की आमच्याशी बोलल्याशिवाय अपडेट करू नका. तो चांगल्या भावनेनेच अपडेट करतो, आणि मग एका स्टेटस कोडचा अर्थ बदललेला असतो. अपडेट झालं, मशीन हललं, नवीन लॉटची प्लेट आली, की कोरडी फेरी आणि रंगाच्या तीन वेलवाली प्लेट परत चालवायची. महिन्यातून एकदा लॉगमधून प्रत्येक कामाचे खरे वेळ काढून शेड्युलमधल्या आकड्यांशी ताडा. वॉशर पूर्वी चार मिनिटं घ्यायचा आणि आता चार मिनिटं वीस सेकंद घेतोय असं दिसलं तर नळ्या, फिल्टर आणि पंप बघा, कारण आपल्या १४ मिनिटांच्या शेड्युलमध्ये ० ते ४ आणि ४ ते ८ च्या मधे एक सेकंदही शिल्लक नाही.